नाताळच्या भेटी आणि त्यांची वाट

नाताळचा सण जवळ आला म्हणजे लहान मुलांच्या तोंडीं एक नांव हटकून येतें. तें सांताक्लॉजचें. लाल अंगरखा, पांढरी शुभ्र दाढी, पाठीवर झोळी, आणि आठ रेनडियर जोडलेली, आकाशांतून धांवणारी गाडी, असें त्याचें चित्र पूर्वीं इंग्रजी पुस्तकांतून दिसत असे. आतां तें मोबाइलच्या पडद्यावरून आमच्या डोंगरांतील पाड्यांपर्यंत येऊन पोंचलें आहे. हा म्हातारा एका रात्रींत साऱ्या जगांतील मुलांच्या उशाशीं भेटी ठेवून जातो, अशी समजूत आहे. मोठीं माणसें ही गोष्ट ऐकतात, हंसतात आणि सोडून देतात. आमच्या मतें ती इतक्या सहजीं सोडून देण्याजोगी नाहीं. एखादी वस्तु एका रात्रींत प्रत्येक मुलाच्या दारापर्यंत न्यावयाची झाल्यास काय काय लागेल, हा प्रश्न वरवर पोरकट दिसला तरी आंतून मोठा गंभीर आहे. त्याचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे माणूस उत्तर ध्रुवावरून निघतो आणि शेवटीं आपल्याच गांवच्या पायवाटेवर येऊन उभा राहतो. म्हणून प्रस्तुत लेखांत आम्हीं ह्या म्हाताऱ्याचा हिशेब मांडण्याचें योजिलें आहे. विद्यार्थ्यांनीं पाटी-पेन्सिल जवळ घ्यावी. पालकांनीं हिशेबाच्या पुढें जें लिहिलें आहे त्याकडे विशेष लक्ष द्यावें, इतकीच विनंति.

प्रथम हा गृहस्थ मूळचा कोण, तें पाहूं. इसवी सनाच्या चौथ्या शतकांत, आजच्या तुर्कस्तानांत मोडणाऱ्या मायरा ह्या गांवीं, निकोलस नांवाचा एक बिशप होऊन गेला. त्याच्याविषयीं अशी आख्यायिका आहे कीं, एका गरीब बापास तीन उपवर मुली होत्या आणि त्यांच्या लग्नास त्याच्याजवळ पैसा नव्हता. तें कळतांच निकोलसानें रात्रीच्या अंधारांत, कोणास न कळत, त्या घरांत सोन्याच्या थैल्या टाकल्या. पुढें त्याच्या नांवाचें डच लोकांच्या तोंडीं 'सिंटरक्लास' झालें, आणि अमेरिकेंत गेल्यावर 'सांताक्लॉज' झालें. आठ रेनडियरांची गाडी आणि धुराड्यांतून घरांत उतरणें ह्या गोष्टी इ. स. १८२३ मध्यें न्यूयॉर्क संस्थानांतील ट्रॉय येथील एका वर्तमानपत्रांत छापून आलेल्या कवितेमुळें लोकप्रिय झाल्या. मूळ आख्यायिकेंत गाडी नाहीं, उड्डाण नाहीं आणि जगभरचा फेराहि नाहीं. एक घर आहे, त्या घरची एक अडचण आहे, आणि ती अडचण ज्यास ठाऊक आहे असा एक शेजारी आहे. हा फरक वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें तो आपल्या उपयोगीं पडेल.

आतां हिशेब. सांताक्लॉजच्या सोयीची एक गोष्ट अशी कीं, पृथ्वी फिरती असल्यामुळें रात्र सर्वत्र एकाच वेळीं पडत नाहीं. २४ डिसेंबरची रात्र प्रथम पॅसिफिक महासागरांतील किरिबाटी देशाच्या पूर्वेकडील बेटांवर पडते, आणि मनुष्यवस्तीच्या ठिकाणांपैकीं अगदीं शेवटीं अमेरिकन सामोआसारख्या बेटांवर पडते. ह्या दोन ठिकाणच्या घड्याळांत २५ तासांचें अंतर आहे. प्रत्येक ठिकाणीं रात्रीं ९ पासून पहाटे ५ पर्यंत, म्हणजे ८ तास, मुलें निजलेलीं असतात असें धरूं. मग रात्रीच्या बरोबर पश्चिमेकडे धांवणाऱ्या माणसास एकंदर ३३ तास मिळतात. एका रात्रीचे तेहतीस तास होतात, हा पहिला चमत्कार भूगोलानेंच करून ठेविला आहे. त्यास जादूची आवश्यकता नाहीं.

परंतु पुढें मात्र गणित कठीण होत जातें. जगांत पंधरा वर्षांखालील मुलें सुमारें २०० कोटि आहेत. कोणाचाहि देश, धर्म किंवा जात विचारावयाची नाहीं असें ठरविलें, आणि एका घरांत सरासरी अडीच मुलें धरलीं, तर ८० कोटि घरें होतात. ३३ तासांचे सेकंद १,१८,८००. भागाकार केल्यास दर सेकंदास ६,७०० हून अधिक घरें येतात. प्रत्येक भेटीचें वजन अवघा अर्धा किलो धरलें, तरी एकंदर ओझें १०० कोटि किलो, म्हणजे १० लाख टन भरतें. आपल्या रेल्वेची एक मोठी मालगाडी सुमारें ४,००० टन माल ओढते असें धरल्यास, अशा २५० मालगाड्यांचा माल त्या एका गाडींत भरावा लागेल. आठ रेनडियर बिचारे किती ओढणार!

कोणी म्हणेल, जग फार मोठें आहे; त्याचा हिशेब असाच अचाट यावयाचा. ठीक आहे. आपण सांताक्लॉजचें ओझें कमी करूं आणि त्यास एकटा सुरगाणा तालुका देऊं. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें आपल्या तालुक्याची वस्ती पावणेदोन लाखांच्या आसपास आहे. त्यांपैकीं एक तृतीयांश मुलें मानलीं तर सुमारें ५८,००० मुलें होतात, आणि वरीलप्रमाणेंच घरटी अडीच मुलें धरून २३,२०० घरें होतात. भारतांत सर्वत्र घड्याळ एकच असल्यामुळें येथें त्यास आठच तास मिळणार. त्यांचे सेकंद २८,८००. म्हणजे एका घराच्या वाट्यास सव्वा सेकंद आला. सव्वा सेकंदांत दाराची कडीसुद्धां निघावयाची नाहीं.

बरें, हा सव्वा सेकंद सपाट मैदानांतला नव्हे. आपला मुलूख सह्याद्रीच्या माथ्यावरून पश्चिमेकडे उतरत गेलेला. येथील नार आणि पार ह्या नद्या गोदावरीस न मिळतां गुजरातेकडे वळतात आणि अरबी समुद्राची वाट धरतात. उंबरठाण, बाऱ्हे, पळसन, मनखेड, कोणत्याहि बाजूस गेलें तरी गांव म्हणजे एक सलग वस्ती नसते; गांवाचे पाडे असतात, आणि पाडे डोंगराच्या सोंडांवर विखुरलेले असतात. एका पाड्यावरचा दिवा दुसऱ्या पाड्यावरून हाकेच्या अंतरावर दिसतो, पण मध्यें दरी असल्यामुळें तेथें पोंचावयास घटका दोन घटका लागतात. शिवाय जुन्या घरांस धुराडें कोठलें? कारवीच्या कुडाच्या भिंती, त्यांवर शेणामातीचा लेप, वर कौलें, आणि चुलीचा धूर कौलांच्या फटींतून वाट मिळेल तसा बाहेर जाणार. रेनडियर हा बर्फांतला प्राणी. आपल्या घाटांतल्या चिखलांत आणि दगडांत डांगी बैलाचें खूर टिकतात, दुसऱ्याचें काम नव्हे. सारांश, सांताक्लॉज येथें आला तर त्यास गाडी घाटमाथ्यावर सोडून पायींच चालावें लागेल, आणि वाट दाखविण्यास पाड्यावरचा एखादा मुलगा बरोबर घ्यावा लागेल.

ह्या शेवटच्या वाक्यांतच साऱ्या प्रश्नाचें मर्म आहे असें आम्हांस वाटतें. एकट्यानें कितीहि वेगानें धांवून जें काम होत नाहीं, तें पुष्कळांनीं थोडथोडें चालून होतें. मनुष्यानें ही युक्ति फार पूर्वीं शोधून काढिली. आपल्या देशांतील डाकेचे हरकारे घुंगुर लावलेली काठी किंवा भाला खांद्यावर टाकून रानांतून धांवत जात. एक हरकारा सगळी वाट चालत नसे. कांहीं मैल धांवून तो थैली पुढील माणसाच्या हातीं देई, आणि थैली रात्रंदिवस चालत राही. माणूस थके, पण थैली थकत नसे. पुढें आगगाडी आली, तेव्हां धांवत्या डब्यांत रात्रभर उभे राहून पत्रें निवडणारे कारकून आले. लोक झोपेंत असतांना त्यांचीं पत्रें गांवोगांवच्या थैल्यांत जाऊन पडत. इ. स. १८५४ पासून आपल्या टपालखात्यानें हलक्या पत्रास अंतर कितीहि असो, अर्धा आणाच दर ठेविला. ह्या नियमांत मोठा न्याय होता. दूरच्या खेड्यांतील मनुष्य दूर राहतो म्हणून त्यानें अधिक पैसे मोजावे, असें त्या दिवसापासून उरलें नाहीं.

मुंबईच्या डबेवाल्यांचें उदाहरण तर आपल्या मराठी माणसांचेंच आहे. इ. स. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे ह्यांनीं सुरूं केलेला हा व्यवसाय. मावळ, मुळशी, खेड, जुन्नर, आंबेगांव ह्या भागांतील साधीं शेतकरी मंडळी त्यांत आहे. २०२० च्या महामारीपूर्वीं सुमारें ५,००० डबेवाले दररोज दोन लाखांच्या आसपास डबे घरांतून कचेरींत पोंचवीत आणि दुपारीं रिकामे डबे पुन्हां घरीं आणीत. एक डबा वाटेंत तीन-चार हात बदलतो. त्याच्या झांकणावर रंगानें कांहीं अक्षरें व आंकडे काढलेले असतात. कोणत्या स्थानकावर उतरावयाचें, कोणत्या इमारतींत जावयाचें, कितव्या मजल्यावर चढावयाचें, इतकें त्यांत सांगितलेलें असतें. ज्यांचें शिक्षण फार झालेलें नाहीं अशीं माणसें ह्या खुणांवरून लाखों डबे चुकल्यावांचून नेतात, कारण प्रत्येकास साऱ्या मुंबईचें ज्ञान असावें लागत नाहीं. आपल्या वाट्याचा तुकडा मात्र पक्का ठाऊक असावा लागतो.

वाट वांटून घेतली म्हणजे दुसरी गोष्ट लागते, ती पत्ता. आपण पत्रावर सहा आंकड्यांचा पिनकोड लिहितों. तो १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरूं झाला, आणि त्याची रचना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे पंडित व कवि होते, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांस अभिमान वाटावा अशी आहे. सुरगाण्याचा पिनकोड ४२२२११. ह्यांतील पहिला ४ हा आंकडा महाराष्ट्र व शेजारचे प्रदेश दाखवितो. पहिले तीन आंकडे पत्र नाशिककडे नेतात. आणि शेवटचे तीन तें सुरगाण्याच्या टपालकचेरींत आणून सोडतात. कानडा देशाच्या टपालखात्यानें तर विनोदानें सांताक्लॉजलाहि एक पिनकोड देऊन टाकिला आहे. तेथील अक्षरें व आंकडे एकापुढें एक वाचले असतां 'हो हो हो' असें हंसूं ऐकूं येतें. त्या पत्त्यावर दर वर्षीं मुलांचीं लाखों पत्रें येतात, आणि टपालखात्यांतील माणसें व इतर स्वयंसेवक बसून त्यांस उत्तरें लिहितात. म्हणजे सांताक्लॉजची लेखणीसुद्धां अनेकांच्या हातांत आहे.

परंतु वाचकहो, पिनकोड सुरगाण्यापर्यंत आणून सोडतो, दारापर्यंत नव्हे. तेथून पुढें पाड्यापर्यंतची वाट कोणत्याहि आंकड्यांत लिहिलेली नसते. ती ग्रामीण डाकसेवकाच्या पायांत असते. आणि दारापर्यंत गेल्यावर आणखी एक अडचण येते, जी शहरांतल्या माणसास सुचावयाची नाहीं. पावसाळा सरून भात व नागली घरांत आली कीं आपल्या तालुक्यांतील पुष्कळ कुटुंबें दिंडोरी व निफाडकडील द्राक्षांच्या बागांत मजुरीस जातात. लहान मुलें अर्थातच आईबापांबरोबर जातात. नाताळच्या रात्रीं सांताक्लॉज पाड्यावर आला तर त्यास कित्येक दारांस कुलूप दिसेल. घराचा पत्ता बरोबर, पण मूल तेथें नाहीं. तें दूर एखाद्या बागेच्या कडेला प्लॅस्टिकच्या खोपींत निजलेलें आहे. तेव्हां घरांची यादी करून भागत नाहीं. मुलांची यादी करावी लागते. आणि मूल कोठें आहे हें कोणत्याहि यंत्रापेक्षां त्याच्या शेजाऱ्यास, त्याच्या अंगणवाडीच्या ताईस आणि त्याच्या वर्गांतल्या सोबत्यास अधिक नेमकें ठाऊक असतें.

येथवर आम्हीं जें सांगितलें तें कोणास केवळ कल्पनेचा खेळ वाटेल, म्हणून आतां घडलेली गोष्ट सांगतों. सांताक्लॉजविषयीं जें ऐकावयास मिळतें, तें आपल्या देशानें एकदां नव्हे, अनेकदां खरोखर करून दाखविलें आहे. १९९५ च्या डिसेंबर महिन्यांत पल्स पोलिओची पहिली देशव्यापी मोहीम झाली. पुढें तिचा विस्तार होऊन एकेका फेरींत पांच वर्षांखालील सुमारें १७ कोटि बालकांस लशीचे दोन थेंब पाजले जाऊं लागले. ठरलेल्या रविवारीं लाखों कार्यकर्ते, त्यांत बहुतेक स्त्रिया, देशभर एकाच दिवशीं बाहेर पडत. लस थंड राहिली नाहीं तर तिचा गुण जातो, म्हणून त्यांच्या खांद्यावर बर्फ भरलेली पेटी असे. सांताक्लॉज उत्तर ध्रुवावरून काय घेऊन येतो तें असो. ह्या बायांनीं मात्र भर उन्हांत, डोंगर चढून, नदी ओलांडून, दारोदार बर्फ नेला हें सत्य आहे.

ह्या मोहिमेची सगळ्यांत शिकण्याजोगी गोष्ट तिची यादी होय. थेंब पाजलेल्या मुलाच्या डाव्या हाताच्या करंगळीस शाईची खूण करीत. पुढील दिवसांत कार्यकर्ते घरोघर जाऊन भिंतीवर खडूनें लिहून ठेवीत; ज्या घरांतील मूल राहिलें असेल त्या घरावर फुली मारीत, आणि फुलीच्या घरीं पुन्हां जात. बसस्थानकांवर, आगगाडींत, वीटभट्ट्यांवर आणि मजुरांच्या तांड्यांवरहि माणसें ठेविलेलीं असत, कारण गांव सोडून गेलेलें मूल गांवांत सांपडत नाहीं हें त्यांनीं ओळखिलें होतें. परिणाम सर्वांसमोर आहे. भारतांत जंगली पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजीं पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यांत आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें आपला प्रदेश पोलिओमुक्त ठरविला. ज्या रोगानें पिढ्यान् पिढ्या मुलांचे पाय नेले, तो ह्या फुलीच्या खुणेपुढें हरला.

ही फुली आम्हांस फार महत्त्वाची वाटते. तिचा अर्थ 'ह्या घरचें मूल वाईट आहे' असा नव्हता. तिचा अर्थ 'येथें आम्ही अजून पोंचलों नाहीं' असा होता. दोष पोंचविणाऱ्यानें आपल्याकडे घेतला, म्हणून तो पुन्हां गेला.

आणि येथेंच आम्हांस सांताक्लॉजच्या प्रचलित गोष्टीविषयीं एक तक्रार मांडावयाची आहे. त्याच्याजवळ म्हणे एक यादी असते. तींत चांगलीं मुलें एका बाजूस आणि खोडकर मुलें दुसऱ्या बाजूस लिहिलेलीं असतात, आणि भेट चांगल्यांसच मिळते. पुष्कळ घरांत आईबाप ह्या यादीचा धाक घालून मुलांस अभ्यासास बसवितात. हेतु चांगला असेल. परंतु त्याचा परिणाम काय होतो, ह्याचा विचार सुज्ञ पालकांनीं करावा. ज्या मुलाचा बाप नोकरींत आहे त्यास नाताळच्या सकाळीं सायकल मिळते. ज्याची आई दुसऱ्याच्या बागेंत द्राक्षाच्या वेली छाटते त्यास कांहींच मिळत नाहीं. दोघेहि एका बाकावर बसतात. सांताक्लॉज चांगल्या मुलांसच देतो, ही गोष्ट दोघांनींहि ऐकिलेली असते. मग पहिला मुलगा मनांत म्हणतो, मी चांगला आहें. आणि दुसरा काय म्हणत असेल, तें लिहवत नाहीं. गरिबी एकवेळ सोसतां येते, पण गरिबीलाच आपला अपराध समजण्याची संवय लहानपणीं लागली तर ती जन्मभर सुटत नाहीं. कित्येक हुशार मुलें वर्गांत हात वर करीत नाहींत, बक्षिसाच्या वेळीं मागें सरतात, आपल्यासाठीं हें नव्हेच असें समजून चालतात. त्याचें मूळ अशाच कोठल्या तरी यादींत असावें असें आम्हांस वाटतें.

म्हणून आमचें मत आम्ही स्पष्ट शब्दांत सांगतों. भेट पोंचली नाहीं, तर दोष वाटेचा असतो, मुलाचा नव्हे. पत्र पोंचलें नाहीं म्हणून ज्याला तें लिहिलें त्यास कोणी दुर्गुणी म्हणत नाहीं. लस पोंचली नाहीं म्हणून मुलास शिक्षा होत नाहीं. मग पुस्तक, खाऊ किंवा नवा सदरा पोंचला नाहीं, तर तो मुलगा त्यास पात्र नव्हता असें सुचविणारी गोष्ट आपण हंसतमुखानें कां सांगावी? मायऱ्याच्या निकोलसाची आख्यायिका पुन्हां आठवावी. त्या तीन मुली गुणी होत्या कीं आळशी, हें त्यानें विचारल्याचें कोणी सांगत नाहीं. त्यास त्यांची अडचण ठाऊक होती, तेवढें पुरें झालें.

कोणी असा आक्षेप घेईल कीं, आतांच्या काळांत ह्या सगळ्याची गरज काय? मोबाइलवर बोट ठेवलें कीं दोन दिवसांत वाटेल ती वस्तु घरीं येते. ह्याला आमचें उत्तर असें कीं, ती वस्तु पैसे भरणाऱ्याच्या घरीं येते, आणि तीहि बहुधा डांबरी रस्ता जेथवर आहे तेथवर येते. व्यापाराची गाडी जलद आहे, ह्यांत संशय नाहीं. पण तिच्या यादींत फक्त गिऱ्हाइकें असतात. पांचवींतला जो मुलगा कोणाचेंच गिऱ्हाईक नाहीं, त्याची यादी कोण करणार? शिवाय आपल्या डोंगरास जलद वाहतुकीची ओळख नाहीं असें थोडेंच आहे? बोरगांवच्या घाटमाथ्यावर डिसेंबरापासून पिकणारी स्ट्रॉबेरी हें नाजूक फळ. तें सकाळीं तोडून त्याच दिवशीं बाजारास लावावें लागतें, आणि आपले शेतकरी तें करितात. जी वाट फळ खालीं नेऊं शकते, ती पुस्तक वर आणूं शकते. आणि पाड्यापाड्यांच्या वाटांविषयीं म्हणाल, तर मार्गशीर्ष महिन्यांत डोंगऱ्यादेवाच्या उत्सवाची मंडळी पावरीच्या सुरावर पाड्यापाड्यांतून फिरते. तिला कोणती वाट कोठें जाते हें कोणास विचारावें लागत नाहीं. वाटा आहेत, वाटाडे आहेत. कमी आहे ती यादीची आणि मनावर घेण्याची.

आतां विद्यार्थ्यांनीं पाटी पुन्हां हातीं घ्यावी. मघां एकट्या सांताक्लॉजला सुरगाणा तालुका दिला तेव्हां एका घरास सव्वा सेकंद आला होता. आतां तेंच काम जोडीजोडीनें वांटूं. दोघांची एक जोडी, तिच्याकडे आपल्याच पाड्यावरचीं वीस घरें, आणि वेळ संध्याकाळचे तीन तास. एका घरास नऊ मिनिटें मिळालीं. नऊ मिनिटांत भेट देतां येते, दोन शब्द बोलतां येतात, म्हाताऱ्या आजीची विचारपूस करतां येते. २३,२०० घरांस वीसनें भागिलें असतां १,१६० जोड्या लागतात, म्हणजे २,३२० माणसें. पावणेदोन लाख वस्तींत दर पंचाहत्तर माणसांमागें एक! जें काम एकास चमत्कारावांचून अशक्य होतें, तें पंचाहत्तरांत एकानें मनावर घेतलें तर साध्या पायांनीं होण्याजोगें आहे. गणितानें ह्याहून अधिक उत्साहाची गोष्ट आम्हांस क्वचितच सांगितली असेल.

सगळ्या तालुक्याचें काम एकट्या शाळेनें करावें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु वसतिगृहांतील आमचे विद्यार्थी नाताळच्या सुटींत आपापल्या पाड्यावर जातात. म्हणजे वाटेचा शेवटचा तुकडा, जो सगळ्यांत अवघड, तो त्यांच्या पायांखालचाच आहे. त्यांनीं एवढें करावें. सुटीपूर्वीं आपल्या पाड्यावरील लहान मुलांचीं नांवें एका वहींत लिहावीं. कोण घरीं आहे, कोण आईबापांबरोबर बागेकडे गेलें आहे आणि कोणत्या गांवीं, तेंहि लिहावें. ज्या पालकांस शक्य आहे त्यांनीं आपल्या मुलासाठीं भेट घेतांना एक गोष्टीचें पुस्तक किंवा एक कोरी वही अधिक घ्यावी व ती शाळेंत द्यावी. विद्यार्थ्यांनीं ती जातांना न्यावी. जें मूल सांपडणार नाहीं त्याच्या नांवापुढें फुली करावी, आणि फुली पुसली जाईपर्यंत, मग जानेवारी उजाडो कीं होळी येवो, काम संपलें असें समजूं नये. बागेकडे जाणाऱ्या एखाद्या नातेवाइकाच्या हातीं तें पुस्तक पाठवितां येईल. हरकाऱ्याची थैली अशीच पुढें जात असे.

ह्या कामांत दोन पथ्यें पाळावीं. पहिलें असें कीं, देतांना मुलास त्याचे गुण, त्याची वर्तणूक किंवा त्याचा देव विचारूं नये. यादींत नांव आहे, एवढा अधिकार पुरे. दुसरें असें कीं, देणाऱ्यानें आपली जाहिरात करूं नये. हल्लीं वही देतांना घेणाऱ्यास उभा करून त्याचें छायाचित्र काढण्याची रीत पडली आहे. ती आम्हांस मुळींच पसंत नाहीं. निकोलसानें रात्र निवडिली ती घेणाऱ्यास लाज वाटूं नये म्हणून. तेवढी रात्र आपणहि राखावी.

शेवटीं पालकांचा एक नेहमींचा प्रश्न राहतो. 'सांताक्लॉज खरा आहे का?' असें मूल विचारूं लागलें म्हणजे त्यास काय सांगावें? खोटें सांगणें बरें वाटत नाहीं, आणि खरें सांगून त्याचा आनंद हिरावून घेणेंहि बरें वाटत नाहीं. आम्हांस वाटतें, ज्या दिवशीं मूल हा प्रश्न विचारील त्या दिवशीं तें भेट घेण्यास नव्हे, तर देण्यास योग्य झालें असें समजावें. त्याच्या हातीं एक पुस्तक द्यावें, पलीकडच्या पाड्यावरील एका मुलाचें नांव सांगावें, आणि अंधार पडण्यापूर्वीं परत ये असें बजावून त्यास वाटेला लावावें.